नदीकडे बघतात

१ ऑक्टोबर, मंगळवार

केक आणला होता. वर निळ्या साखरेत लिहिलेलं — "सुटलो!"

सरकारचं पत्र सकाळी आलं. चार ओळी. पाच वर्षांचा करार पुरा झाला, यापुढे अहवाल पाठवायची गरज नाही. म्हणजे आमच्या हॉस्पिसवर, मरणाला टेकलेल्यांना घरी जाऊन सांभाळणाऱ्या या संस्थेवर, आता कुणाची नजर नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमची संचालिका डेनिस, जिला एरवी हसायलाही फुरसत नसते, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "एमिल, आता तरी नीट झोपा!"

केक बशीत तसाच ठेवून मी खोलीकडे आलो.

पाच वर्षं दर ऑक्टोबरात मिसेस अडेअर तपासणीला यायच्या. स्वतःचा थर्मास, स्वतःची पेन्सिल. आमची कॉफीसुद्धा घ्यायच्या नाहीत. तीस फायली मागायच्या, ओळीओळीवर पेन्सिलीचं टोक टेकवायच्या. "हे कुणी पाहिलं? कधी?" माझे तळवे ओले व्हायचे. आज वाटलं, ती भीती बरी होती. अर्धी त्यांची होती, अर्धी माझी. आता सगळी माझ्या एकट्याच्या वाट्याला.

दारावरची पाटी रुमालाने पुसली. नियमपालन अधिकारी. वय वर्षं त्र्याहत्तर, हे पाटीवर नाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार

ल्युडमिलाच्या खुर्चीत बसून कॉफी घेतली. समोर कोवालिकने गॅरेजच्या भिंतीला हिरवा रंग द्यायला घेतलाय. काय तो हिरवा! ती असती तर खिडकी उघडून त्याला दोन शब्द सुनावले असते.

सात वर्षं झाली बायकोला जाऊन. शेवटचे चार महिने याच खुर्चीत असायची. हृदय थकलं होतं. हॉस्पिसच्या कागदावर सही केली आणि पिट्सबर्गच्या मोठ्या इस्पितळाच्या फेऱ्या थांबवल्या. नियमच तो — इथे नाव घातलं की बरं करायचे उपाय बंद, फक्त त्रास कमी करायचा. "शांतपणे जाऊ दे तिला," सगळे म्हणाले. मी दिवसा कामावर, तेव्हाच्या गावच्या इस्पितळात, तळघरातल्या रेकॉर्डच्या खोलीत. घरी नर्स रोझली यायची.

ल्युडमिला गेल्यावर तिच्या फाइलची प्रत मिळाली. त्यात रोझलीने लिहिलेलं —

"खिडकीशी बसून असतात. नदीकडे बघतात — पलीकडून कुणी हाक मारील, तशा."

मरणाच्या कागदांत अशी ओळ! सहावीत मिस फेन्स्टरमाकरांनी फळ्यावर लिहून द्यावी अशी. दर नव्या वहीच्या पहिल्या पानावर ती उतरवतो. या वहीतही आहे.

पुढल्याच वर्षी भानगड बाहेर आली. सरकारकडून माणशी पैसे मिळतात म्हणून जुना मालक धडधाकट म्हाताऱ्यांनाही मरणाच्या यादीत घालत होता. मालक गेला, करार आला, डेनिस आली. तिला नियम सांभाळायला माणूस हवा होता. मी हो म्हणालो ते या एका ओळीसाठी. असं लिहिणारं कुणी जिथे आहे ते घर वाचलं पाहिजे, असं वाटलं.

रोझलीची टिपणं नव्या नर्सेसना शिकवतो. मिसेस अडेअरनाही एकदा मोठ्या ऐटीत दाखवली होती — "बघा, असं लिहावं!" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "छान आहे. खरं आहे का?" मी हसलो होतो.

७ ऑक्टोबर, सोमवार

डेनिस म्हणाली, "आता दरमहा तीस फायली कशाला? पाच बघा. आणि कुठल्या, ते नर्सेसनाच ठरवू दे."

"पोरांनी आपापला पेपर आपणच तपासायचा?"

"तुम्ही शाळेतून बाहेर पडलाच नाहीत, एमिल."

पण अडून बसली नाही. करार संपला तसा, कुठल्या फायली तपासायच्या त्यांचे नंबर काढून देणारा सरकारी प्रोग्रामही बंद झाला. म्हणून मी सेंट सिरिल चर्चच्या तळघरातून बिंगोचा ड्रम मागून आणला. तारांचा पिंजरा, हँडल, पंचाहत्तर गोळ्या. आमचे रुग्ण बहात्तर. वरच्या तीन गोळ्या डब्यात ठेवल्या. ड्रमला कुणाचा धाक नसतो, कुणाची माया नसते. डेनिस दारातून म्हणाली, "बिंगो लागला तर काय देणार? टोस्टर?"

खडखड खडखड. दहा गोळ्या नीट निघाल्या. अकरावी — बावन्न.

बावन्न म्हणजे रेजिना टोमको. स्मृतिभ्रंश. अंथरुणाला खिळलेल्या. दिवसाला सहा शब्दांच्या वर बोलत नाहीत. आणि त्याखाली, रोझलीच्या सहीने — "खिडकीशी बसून असतात. नदीकडे —"

पुढचं वाचायची गरज नव्हती. मला पाठ आहे.

कान तापले. दार बंद होतं. कुणी पाहत नव्हतं — कुणीच, कुठूनच!

गोळी ड्रममध्ये परत टाकली. दुसरी काढली. एकोणीस.

८ ऑक्टोबर, मंगळवार

असं मी का केलं? पाच वर्षांत एकदाही केलं नव्हतं.

९ ऑक्टोबर, बुधवार

समजूत घालतोय. ओळ मुळात ल्युडमिलाची. तिला पाहून सुचलेली, खरी. पुढे दमलेल्या बाईने कधी घाईत तीच पुन्हा वापरली असेल. हा काही गुन्हा नाही. कवीसुद्धा आपल्या ओळी पुन्हा वापरतात.

पण सहा शब्द? रेजिना टोमको आणि सहा शब्द?

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

सहावीच्या वर्गात रेजिना माझ्या पुढच्या बाकावर. दोन घट्ट वेण्या, जीभ कात्रीसारखी. वसंतातल्या पाठांतराच्या स्पर्धेत आम्ही दोघं शेवटपर्यंत टिकलो. कविता पहारेकऱ्याची —

राजा गेला दूर देशी, ओस पडली वेस,
पहारेकऱ्या, अजून का रे अंगावर हा वेष?

दोन कडवी घडाघडा म्हटली. तिसऱ्याला अडकलो. खिडकीबाहेर कोळशाच्या गाडीची शिटी. मिस फेन्स्टरमाकर पट्टी हातात घेऊन वाट बघतायत. मग रेजिना उठली आणि तिसरं कडवं म्हणून मोकळी झाली. बक्षीस तिला. ते कडवं मला त्या दिवसापासून आठवत नाही. साठ वर्षं! पुस्तकही मिळालं नाही कुठे.

ती अंथरुणाला खिळली आणि मला पत्ता नाही. एवढंसं गाव. भेटायला जावं. नको. गेलो तर कळेल.

काय कळेल, ते लिहीत नाही.

४ नोव्हेंबर, सोमवार

या महिन्याच्या तीस गोळ्या. बावन्न आली नाही. हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली.

पण एकतीस नंबरची फाइल — वेंडेल साइप. डोंगरावर ट्रेलरमध्ये राहतो, फुप्फुसाचा कर्करोग, बिचारा खरोखर शेवटचे दिवस मोजतोय. "खिडकीशी बसून असतात. नदीकडे बघतात." तिथून नदी? मी त्या ट्रेलरमध्ये गेलोय. खिडकीबाहेर हातभर अंतरावर खडक आहे.

कधी नव्हे ते मिसेस अडेअरची आठवण आली. फोन करावासा वाटला. आणि म्हणू काय — या ना, मला जरा भीती घालून जा?

१४ नोव्हेंबर, गुरुवार

 

बिंगोचा ड्रम परत द्यायला सेंट सिरिलच्या तळघरात गेलो. गुरुवार, म्हणजे बायकांचा पियेरोगीचा दिवस. लांब टेबलं, पीठ उडतंय, कांदा लोण्यात परततोय. वीसेक बायका बटाट्याचं सारण भरून कडा चिमटीत दाबतायत. आणि टेबलाच्या टोकाला, उंच स्टुलावर, केसांना जाळी लावून —

"अरे हा बघा कोण आला! अडखळ्या!"

रेजिना टोमको.

ड्रम हातातून निसटला. सगळ्या गोळ्या फरशीवर. बायका हसून लोळायच्या बाकी.

"तसाच धांदरट! वेचताना तरी अडखळू नकोस."

मी टेबलाखाली गुडघ्यांवर गोळ्या वेचत होतो आणि वर ती शब्दांवर शब्द बोलत होती. मी मोजत होतो. सहा केव्हाच झाले. साठ झाले. कुणाच्या कडा जाड होतायत, पाद्रीबाबा कांद्याला किती कंजूस आहेत, कोवालिकने गॅरेजला लावलेला रंग ओकारीसारखा आहे. बोलता बोलता मध्येच थांबायची. टेबलाला धरायची. ओठ निळसर.

"काय होतंय?"

"झडप. हृदयाची. दार गंजलंय म्हणे, उघडतच नाही नीट. सप्टेंबरात पिट्सबर्गला बदलायची होती. तारीख होती की! मग तुमची ती नर्स आली — सरकार फुकट मदत देतंय घरी, सही करा. केली. आता पिट्सबर्गवाले सांगतात, बाई, तुम्ही हॉस्पिसात आहात, तुमचं ऑपरेशन करता येत नाही. मी म्हटलं, हॉस्पिस? मी तर पियेरोगीत आहे!"

सगळ्या हसल्या. मी नाही.

"विमा बदलला असेल कुठला तरी," ती म्हणाली. "तू तिथेच असतोस ना? बघशील जरा? डॉक्टर म्हणत होता, बर्फ पडायच्या आत व्हायला हवं. हिवाळा काढेन की नाही, सांगता येत नाही म्हणे."

बघतो म्हणालो. निघताना तोंडातून निघून गेलं — "रेजिना, ते तिसरं कडवं…"

ती पिठाच्या हातांनी, स्टुलावर ताठ बसून, सहावीतल्या आवाजात —

राजासाठी नव्हता बाबा माझा हा पहारा,
वेशीआत निजली पोरं, वेशीबाहेर वारा.

मग दम लागला तिला.

गाडीत बसून राहिलो. काच धुरकट झाली तरी.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

रोझली दुपारी डोनटच्या दुकानाबाहेर गाडी लावून टिपणं लिहिते, हे सगळ्यांना माहीत आहे. मी शेजारच्या सीटवर जाऊन बसलो. मागे औषधांच्या पिशव्या, बर्फ काढायचं फावडं, कुणाचं तरी वॉकर. एकोणसाठ वर्षांची आहे. सत्तरची दिसते.

काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "टोमको ना?"

"अंथरुणाला खिळली आहे म्हणून लिहिलंस."

"ती घरी सापडेल तेव्हा ना, एमिल! चारदा दार वाजवलं. कधी पियेरोगी, कधी पत्ते. काय लिहू — रुग्ण मजेत?"

"मग यादीत घातलीस कशी?"

कपाळ स्टिअरिंगला टेकवलं तिने. "यादी सत्तरच्या खाली गेली तर दोन मुलींना घरी पाठवावं लागेल, असं डेनिस म्हणाली. मी म्हटलं, म्हातारी एकटीच असते, दम लागतो, कुणी तरी डोकावेल. वाईट काय झालं?"

"तिचं ऑपरेशन रद्द झालं, रोझली."

हे तिला माहीत नव्हतं. चेहरा पाहूनच कळलं.

 मग म्हणाली, "डॉक्टर न वाचता सही करतो. डेनिसला वेळ नाही. वाचणारा तू एकटा. तू माझी टिपणं त्या मुलींना वाचून दाखवायचास… तुला आवडायची, म्हणून मी तशी लिहीत गेले. तुला आवडलं की फाइल सुटायची."

उतरताना दारात बोट चेमटलं. कळही जाणवली नाही.

मी चौकीदार. मला गाणं ऐकवलं, मी फाटक उघडलं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

डेनिसला सगळं सांगितलं. गोळी परत टाकल्याचंसुद्धा.

तिने उठून दार लावलं. "हे, गोळीचं, कुणालाही सांगू नका. ऐकताय ना?" मग येरझाऱ्या. "टोमकोबाईंना आजच्या आज यादीतून काढू. ऑपरेशन होऊ दे. फाइल दुरुस्त करू. संपलं!"

"आणि बाकीच्या? ती ओळ आणखी कितींच्या फाइलीत आहे, कुणास ठाऊक. कळल्यापासून साठ दिवसांत सरकारला आपणहून सांगायचं, हा नियम आपणच लिहिलाय. मला सात ऑक्टोबरला कळलंय."

"करार संपलाय, एमिल! आता विचारणारं कोण आहे?"

 तिला स्वतःलाच ते ऐकू आलं असावं. खाली बसली.

"आपण बंद पडलो तर? वेंडेल साइपकडे कोण जाईल? पुढचं हॉस्पिस सत्तर मैलांवर आहे. खरोखर मरणारी माणसं आहेत आपल्याकडे. आणि मला तुरुंगात घातलं तर? मुलगी अजून शिकतेय माझी…" रडली. "सत्तरचं मीच बोलले होते. पण असं करा, असं नव्हते म्हणाले मी."

मलाही तुरुंगाची भीती वाटते. लिहून ठेवतो. वाटते. या वयात, पट्ट्याशिवायची पँट धरून उभं राहायचं… पाठांतर विसरल्यासारखं.

२० नोव्हेंबर, बुधवार

रुग्णाला हवं तेव्हा एका सहीने हॉस्पिसमधून बाहेर पडता येतं. तो कागद घेऊन रेजिनाकडे गेलो. म्हाताऱ्यांच्या इमारतीत सहावा मजला. सगळं खरं सांगितलं. मरणाच्या यादीत होतीस, दिवसाला सहा शब्द होते तुझे.

आधी हसली. मग हसू थांबलं. खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खाली पार्किंग.

"म्हणजे मी पियेरोगी भरत होते आणि तुम्ही मला पुरत होतात."

"हो."

"तूही?"

गोळीचं सांगितलं. माझ्याकडे पाहिलंही नाही. सही इतक्या जोरात केली की कागद फाटला. "अडखळ्या," एवढंच म्हणाली. या वेळी त्यात गंमत नव्हती.

पिट्सबर्गला तिथूनच फोन लावला. एक रुग्ण येणार नव्हता, म्हणून दहा डिसेंबर मिळाली. वीस दिवस. तेवढं टिकेल ना ती झडप?

२६ नोव्हेंबर, मंगळवार

सरकारला सगळं लिहून पाठवलं. डेनिसने माझ्याखाली सही केली. पेन दोनदा खाली ठेवलं, तिसऱ्यांदा केली. रोझलीने स्वतःचा जबाब वेगळा लिहून दिला. साधा, एकही सुंदर शब्द नाही. तिचं इतकं चांगलं लिखाण मी वाचलं नव्हतं.

गोळीचं मी पहिल्याच परिच्छेदात लिहिलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. बहिणीकडे टर्की. फोन वाजला की दचकतो. भाचा म्हणाला, "मामा, हरणाच्या शिकारीला येणार का परवा?" मी म्हटलं, सध्या मला हरणाची बाजू जास्त कळते.

४ डिसेंबर, बुधवार

सरकारकडून फोन. तरुण आवाज, भलताच सौम्य. त्यानेच जास्त घाबरलो. माणूस पाठवतील. तोवर संस्था चालू ठेवा, खऱ्या रुग्णांची आबाळ नको. आणि ती ओळ ज्या ज्या फाइलीत आहे त्यांची यादी, पहिल्यापासून आजपर्यंत, तारखेच्या क्रमाने. जुन्या मालकाच्या काळातलीसुद्धा.

डेनिसने शोध लावायला दिलाय. कपाटातल्या फायली स्कॅन करण्यात वेळ जाईल.

बर्फ सुरू झालं. रेजिनाच्या दारात मीठ टाकून आलो. दार उघडलं नाही तिने. आतून रेडिओ चालू होता, मोठ्याने. बरं वाटलं.

१० डिसेंबर, मंगळवार

आज रेजिनाचं ऑपरेशन. बारा वाजले. दोन वाजले.

११ डिसेंबर, बुधवार

झालं! झडप बसली! तिच्या पुतणीचा फोन. भूल उतरताच नर्सला विचारलं म्हणे, "ही कॉफी आहे की भांडी धुतलेलं पाणी?" मी बोटांवर मोजले. सहाच्या वर!

आणि निरोप आहे — "अडखळ्याला सांग, पुढल्या गुरुवारी हात धुऊन ये. कडा दाबायला शिकवते."

मी ल्युडमिलाच्या खुर्चीत बसून हसलो, आणि मग नुसताच बसून राहिलो. भीती गेलेली नाही. पण आज ती अर्धीच माझी वाटतेय.

यादी आली की ल्युडमिलाचं नाव सगळ्यात वर असेल. पहिलं. रोझलीला तिच्यावरून सुचलं, बाकी सगळ्या नकला. तेवढं मिळालं की पुरे.

१७ डिसेंबर, मंगळवार

यादी आली. सत्तावन्न नावं, बहुतेक जुन्या मालकाच्या काळातली. ल्युडमिला बारावी.

तिच्या खुर्चीत बसून आहे. खिडकीतून कोवालिकच्या गॅरेजची भिंत दिसते. हिरवी होण्याआधी पांढरी होती, त्याआधी विटांची. नदी इथून कधीच दिसली नाही.

पिट्सबर्गच्या फेऱ्या मीच थांबवल्या होत्या.